मागवलेला भूकंप

शाळेच्या प्रयोगशाळेत तुम्ही लंबक हलवला असेल, स्वरकाटा वाजवून पाहिला असेल, भिंगाने कागदही जाळला असेल. पण भूकंपाचा प्रयोग केलात काय? भूकंप काही कपाटातून काढून टेबलावर मांडता येत नाही. तो न सांगता येतो, पुष्कळदा आपण गाढ झोपेत असताना येतो, आणि पंधरा-वीस सेकंदांत निघूनही जातो. तेवढ्या अवधीत वही उघडून निरीक्षणे टिपण्याचे भान कोणाला राहणार! आणि तरीही घरे, पूल व धरणे बांधणाऱ्या अभियंत्याला भूकंप शिकावाच लागतो. नुसता पुस्तकातून नव्हे, तर करून पाहून.

यावरचा उपाय म्हणजे एकदा येऊन गेलेल्या भूकंपाची नोंद जपून ठेवायची आणि हवी तेव्हा यंत्राकडून ती जशीच्या तशी पुन्हा हलवून घ्यायची. गवयाचे गाणे ध्वनिमुद्रित करून पुन्हा ऐकावे, तसे. असे यंत्र आपल्या गावात असायला हवे, अशीही अट आता उरलेली नाही. ते हजार कोस दूर असले तरी चालते. ते कसे, ते आज पाहू या. आणि त्यासाठी आधी आपल्या शेजारी जाऊ या.

कोल्हापूरपासून सरळ रेषेत सुमारे ९० किलोमीटरवर कोयनानगर आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी तेथे मोठा भूकंप झाला. कोल्हापुरातही त्याचा धक्का चांगलाच जाणवला. तुमच्या घरी किंवा शेजारी सत्तरीच्या आसपासचे कोणी असेल तर त्यांना अवश्य विचारा. कोयनानगर व आसपासच्या खेड्यांतील दगडामातीची घरे कोसळली आणि पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली. त्याआधी दख्खनचे पठार म्हणजे स्थिर भूमी, इथे मोठा भूकंप व्हायचा नाही, अशी तज्ज्ञांचीही समजूत होती. १९७० साली देशाचा भूकंप-नकाशा सुधारला गेला आणि त्यात कोयनेचा परिसर एकदम चौथ्या विभागात नेऊन ठेवावा लागला. (आपला रंकाळा मुळात दगडाची खाण होती आणि फार पूर्वी भूकंप होऊन तिथे पाणी साठले, अशी कथा कोल्हापुरात सांगतात. कथाच ती, पण भूकंप या मुलखाला अगदीच परका नाही, असे लोकांना तरी वाटत असावे.)

कोयनेचे धरण १०३ मीटर उंच आहे. त्या पहाटे ते उभे राहिले, पण त्याच्या उंच भागांना आडव्या भेगा पडल्या. आणि धरणाच्याच पोटातील एका मार्गिकेत बसवलेल्या उपकरणाने धक्क्याचे त्वरण नोंदवून ठेवले. ही नोंद फार मोलाची ठरली. इतक्या मोठ्या काँक्रीटच्या धरणाला तीव्र भूकंपाने भेगा पाडल्या आहेत आणि त्याच भूकंपाची नोंद त्याच धरणात मिळाली आहे, असा योग जगात क्वचितच आलेला आहे. जगभर धरणांचे गणित शिकणारे विद्यार्थी आजही संगणकावर एक धरण रेखाटतात, त्याला ‘कोयना’ असे नाव देतात आणि १९६७ च्या नोंदीप्रमाणे त्याला हादरवतात. पाटण तालुक्यातली पहाट अशी देशोदेशींच्या वर्गांत पुन्हा पुन्हा होत असते.

त्या नोंदीत काय दिसले? धरणाच्या लांबीच्या दिशेने त्वरण सुमारे ०.६३ ग इतके वाढले होते आणि आडव्या दिशेने, म्हणजे नदीच्या प्रवाहाच्या दिशेने, सुमारे ०.४९ ग. येथे ‘ग’ म्हणजे गुरुत्वीय त्वरण, सेकंदाला सेकंदाला ९.८ मीटर. धरणाचा आराखडा करताना मात्र ०.०५ ग एवढेच धरलेले होते. ‘म्हणजे अंदाज दहा पटींनी चुकला!’ असे तुम्ही म्हणाल. ते खरे, पण अर्धेच. खरी गोम आकड्यात नव्हती, पद्धतीत होती. त्या काळच्या रीतीप्रमाणे धरणाच्या वजनाचा वीसांश एवढे बल त्याला एका बाजूने स्थिरपणे ढकलत आहे, असे मानून गणित केले जाई. भूकंप असा ढकलत नाही. तो मागेपुढे हलवतो, आणि हलवलेली वस्तू कशी वागेल हे तिच्या स्वतःच्या कंपनावर अवलंबून असते.

हे पटण्यासाठी एक प्रयोग करा. लोखंड कापण्याच्या करवतीची, म्हणजे हॅकसॉची, तीन पाती आणा. आपल्या शिवाजी उद्यमनगरात कोणत्याही कारखानदाराकडे मागितलीत तर झिजलेली पाती फुकटही मिळतील. दात्यांवर चिकटपट्टी लावा, म्हणजे बोट कापणार नाही. एका फळीच्या कडेला लाकडी पट्टी ठेवून, स्क्रूने घट्ट आवळून, ही पाती उभी पक्की करा. मात्र फळीच्या वर पहिले १५ सेंटिमीटर, दुसरे २० आणि तिसरे २५ सेंटिमीटर राहू द्या. प्रत्येकाच्या माथ्याला दहा रुपयांची सहा-सात नाणी चिकटपट्टीने बांधा. एवढ्या नाण्यांचे वजन सुमारे ५० ग्रॅम भरते. झाली तीन इमारती तयार. आता फळीखाली चार गोल पेन्सिली ठेवा आणि फळी हाताने मागेपुढे हलवू लागा. हात थोडाच हलवायचा, एक सेंटिमीटरही नको.

सेकंदाला साधारण दोन वेळा हलवलीत की सर्वांत उंच पाते वेडेवाकडे झुलू लागेल. इतर दोन जवळजवळ ताठ उभी राहतील. वेग वाढवून सेकंदाला तीन केलात की उंच पाते शांत होईल आणि मधले झुलू लागेल. साडेचारच्या आसपास पोहोचलात, हाताला जरा कष्ट पडतील, तर सर्वांत बुटके. फळी तीच, हात तोच; पण प्रत्येक पात्याचा आवर्तकाल, म्हणजे एका पुऱ्या झोक्याला लागणारा वेळ, वेगळा आहे. जमिनीची कंप्रता ज्याच्या कंप्रतेशी जुळते, त्याचाच झोका वाढत जातो. यालाच आपण अनुस्पंदन म्हणतो. नागपंचमीच्या झोपाळ्यावर तुम्ही हेच करता. दर झोक्याला नेमक्या वेळी थोडासा रेटा, आणि झोपाळा फांदीपर्यंत!

यातले २० सेंटिमीटरचे पाते लक्षात ठेवा. त्याचा आवर्तकाल साधारण एक तृतीयांश सेकंद येतो, आणि कोयना धरणाच्या उंच भागाचा मूळ आवर्तकालही तेवढाच आहे. एकीकडे करवतीचे पाते आणि दुसरीकडे लक्षावधी टन काँक्रीट. भूकंपाच्या दृष्टीने दोघांचा ठेका एकच! इमारतींसाठी अभियंते एक ढोबळ हिशेब सांगतात, दर मजल्यामागे सुमारे दशांश सेकंद. तीन मजली इमारत सुमारे ०.३ सेकंद, दहा मजली सुमारे एक सेकंद. म्हणूनच एकाच गल्लीत एक इमारत पडते आणि शेजारची उभी राहते.

कोयनेचे गणित जमिनीची हालचाल आणि धरणाचा ठेका ही दोन्ही धरून नंतर पुन्हा मांडले गेले. अमेरिकेतील बर्कले येथे अनिल चोप्रा आणि त्यांचे सहकारी चक्रवर्ती यांनी १९७३ साली ते प्रसिद्ध केले. धरणाच्या पायथ्यापासून सुमारे ६६ मीटर उंचीवर, जेथे मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो, तेथे काँक्रीट ज्या ताणाला टिकू शकत नाही असा ताण निर्माण होतो, असे त्यात दिसले. भेगा नेमक्या तिथेच पडल्या होत्या. स्थिर बलाच्या जुन्या गणितात मात्र त्या जागेकडे बोट दाखवणारे काहीच नव्हते. पुढे धरणाच्या उंच भागांना मागून काँक्रीटचे धिरे देण्यात आले. आज ते भक्कम उभे आहे.

फळी हाताने हलवण्याऐवजी यंत्राने हलवली, आणि तीही खऱ्या भूकंपाच्या नोंदीबरहुकूम, की झाले कंपनमेज. जपानमध्ये कोबेजवळ मिकी येथे २००५ सालापासून चालू असलेले कंपनमेज २० मीटर लांब आणि १५ मीटर रुंद आहे. त्यावर खरीखुरी बहुमजली इमारत बांधून हलवतात. आपल्याकडे या शास्त्राचे माहेरघर रुरकी. तेथे १९६० साली प्रा. जय कृष्ण यांच्या पुढाकाराने भूकंप-अभियांत्रिकीचे स्वतंत्र विद्यालय सुरू झाले. मोठे यंत्र परवडत नव्हते तेव्हा रुरकीकरांनी लढवलेली युक्ती मला फार आवडते. त्यांनी रेल्वेची सपाट वाघीण रुळांवर उभी केली, तिच्यावर विटांची लहान घरे बांधली आणि दुसरी भरलेली वाघीण ढकलून तिच्यावर आदळवली! कोणती भिंत कुठे फुटते, कोपऱ्यात लोखंडी सळ्या घातल्या किंवा दारा-खिडक्यांवरून काँक्रीटचा पट्टा फिरवला तर काय फरक पडतो, हे त्यांनी त्या धक्क्यांनी शोधून काढले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जाड दगडी भिंती आणि त्यांवरची मातीची जड माळवदे कोसळून हजारो माणसे गेली. त्या घरांत असा पट्टा नव्हता.

आता मूळ मुद्दा. असे मेज प्रत्येक महाविद्यालयात कसे असणार? आमच्या प्रयोगशाळेत नाही आणि तुमच्या शाळेतही नसेल. टेबलावर मावेल असे दीड फुटी मेजसुद्धा महाग पडते. म्हणून अमेरिकेतील काही विद्यापीठांनी १९९९ च्या सुमारास एकत्र येऊन विद्यार्थ्यांसाठी अशी छोटी मेजे घेतली, आणि पुढे ती इंटरनेटला जोडून दुरून चालवण्याची सोय केली. विद्यार्थी आपल्या गावी संगणकापुढे बसतो, यादीतून भूकंप निवडतो, त्याची तीव्रता ठरवतो आणि आज्ञा देतो. दूरच्या खोलीतले मेज हलते, त्यावरची प्रतिकृती झुलते, प्रत्येक मजल्यावरचे त्वरणमापक आकडे पाठवतात आणि कॅमेरा चित्र दाखवतो. याला आपण दूरप्रयोग म्हणू.

यात एक गंमत आहे, आणि ती भौतिकशास्त्राची आहे. तुमच्या मनात आले असेल, की आपण येथे कळ दाबत राहायचे आणि तेथे मेज आपल्या बोटाबरोबर हलत राहायचे. तसे होत नाही, होऊ शकत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. कोल्हापूरहून रुरकी सरळ रेषेत सुमारे दीड हजार किलोमीटर; म्हणजे नुसत्या प्रवासाला सेकंदाचे साडेसात हजारांश. हे फारसे नाही. पण संदेश वाटेत अनेक संगणकांतून थांबत थांबत जातो. समुद्रापारचे अंतर असेल आणि गर्दी असेल तर कधी दशांश, कधी दोन दशांश सेकंद उशीर होतो, आणि तो दर वेळी सारखाही नसतो. आता प्रतिकृतीचा आवर्तकाल ०.३ सेकंद असेल तर ०.२ सेकंदात तिचा दोन तृतीयांश झोका होऊन गेलेला असतो! पत्र पाठवून झोपाळ्याला झोका देण्यासारखेच ते. म्हणून मेज सांभाळण्याचे काम तेथलाच संगणक करतो. तुम्ही पाठवता तो सबंध भूकंप, एकदम. आणि तुमच्याकडे येते ती सबंध नोंद.

मग दोन ठिकाणचे प्रयोग एकमेकांशी जोडताच येणार नाहीत काय? येतात, पण काळ ताणून. ३० जुलै २००३ रोजी अमेरिकेत असा एक प्रयोग झाला. पोलादी चौकटीचा एक खांब इलिनॉय विद्यापीठात उभा केला, दुसरा सुमारे दीड हजार किलोमीटर दूर कोलोरॅडोत, आणि चौकटीचा उरलेला भाग तिसऱ्या ठिकाणी फक्त संगणकात होता. भूकंपाचे १,५०० बारीक टप्पे पाडले. प्रत्येक टप्प्याला संगणकाने हिशेब करायचा, की आता खांबाचे डोके इतके सरकेल. दोन्हीकडच्या यंत्रांनी ते सावकाश तेवढे सरकवायचे, खांबाने किती बलाने विरोध केला ते मोजून कळवायचे, आणि मगच पुढचा टप्पा. काही सेकंदांचा भूकंप कित्येक तास चालला. संदेशाला अर्धा सेकंद उशीर झाला तरी बिघडत नव्हते, कारण जडत्वाचा भाग यंत्रात नव्हता, हिशेबात होता. १,४९३ टप्पे सुरळीत पार पडले आणि मग जाळ्यात बिघाड होऊन प्रयोग थांबला. सातच टप्पे राहिले होते! पण हे शास्त्रज्ञांच्या लेखी मोठेच यश होते, आणि मला वाटते ते बरोबर होते.

आपल्या देशात केंद्र सरकारच्या ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ या प्रकल्पात हैदराबादच्या ट्रिपल आयटीने संरचनांच्या कंपनांचे प्रयोग इंटरनेटवर ठेवले आहेत. दिल्लीच्या आयआयटीनेही अशी प्रयोगशाळा उभारली आहे. इंटरनेट असेल तर ते कोणालाही पाहता येतात. मात्र एक भेद ध्यानात ठेवा. यांतील पुष्कळसे प्रयोग आभासी आहेत. म्हणजे पडद्यावर झुलणारा खांब कुठेच उभा नसतो, संगणक समीकरण सोडवून चित्र काढतो. दूरप्रयोगात खांब खरा असतो. आभासी प्रयोगाची मी निंदा करणार नाही. आवर्तकाल लांबीबरोबर कसा बदलतो, हे त्यात दहा मिनिटांत शंभर वेळा पाहता येते आणि काही मोडत नाही. पण त्यात जे घातले तेच बाहेर येते. खऱ्या प्रतिकृतीत एखादा स्क्रू सैल होतो, पाते जरा वाकडे बसलेले असते, आणि नोंदीत न मागितलेला एक छोटा उंचवटा दिसतो. तो कशाचा, हे शोधताना विद्यार्थी खरा अभियंता होऊ लागतो. म्हणून माझे मत विचाराल तर आधी आभासी, मग दूरचा, आणि जमेल तेव्हा हातचा. आणि तिन्ही वेळी कळ दाबण्यापूर्वी काय होईल ते वहीत लिहून ठेवायचे. नाहीतर तो प्रयोग न राहता सिनेमा होतो.

हातचा प्रयोग दुरून पाहण्याची सोय तर आता घरातच आहे. मोबाइलमध्ये त्वरणमापक असतो. मोबाइल आडवा केला की पडदा फिरतो तो त्याच्यामुळेच. जर्मनीतील आखेन येथील तंत्र-विद्यापीठाने २०१६ साली ‘फायफॉक्स’ नावाचे विनामूल्य अॅप काढले. ते त्वरणाचा आलेख काढते. त्यात दूरनियंत्रणाचीही सोय आहे. एकाच वाय-फायवरच्या दुसऱ्या मोबाइलवर किंवा संगणकावर तो आलेख दिसतो आणि मोजणी तेथूनच सुरू करता येते. चार पोलादी पट्ट्यांच्या पायांवर एक पातळ फळी बसवा, तिच्यावर मोबाइल घट्ट बांधा, आणि मित्राला शेजारच्या खोलीत बसवा. फळीला टिचकी मारा. मित्राने नुसता आलेख पाहून तुम्हांला आवर्तकाल सांगायचा.

तो आणखीही एक गोष्ट सांगू शकेल. टिचकीनंतर झोके हळूहळू लहान होत जातात. त्याला अवमंदन म्हणतात. झोक्याची उंची निम्मी व्हायला किती झोके लागले ते आलेखावर मोजा आणि ०.११ ला त्या संख्येने भागा. समजा पाच झोके लागले, तर उत्तर ०.०२२, म्हणजे सुमारे दोन टक्के अवमंदन. आता ०.५ ला या उत्तराने भागा. सुमारे २३ येईल. याचा अर्थ असा, की जमीन या मेजाच्या ठेक्यात बराच वेळ हलत राहिली, तर माथ्याचा झोका जमिनीच्या सुमारे २३ पट होईल. फळी आणि पट्ट्या यांच्यामध्ये रबराचे तुकडे घालून पुन्हा मोजा. आकडा बराच खाली येतो. खऱ्या इमारतींत काही ठिकाणी अवमंदक बसवतात ते याचसाठी.

आणखी एक करून पाहा. दोन मजली मेज बनवा. वरच्या मजल्याला कडेने पुठ्ठ्याच्या भिंती चिकटवा, खालचा मजला नुसत्या पट्ट्यांवर मोकळा ठेवा. हलवले की वरचा मजला अखंड ठोकळ्यासारखा वागतो आणि सगळा वाक खालच्या पट्ट्यांना सोसावा लागतो. आपल्या शहरात तळमजला गाड्या लावण्यासाठी मोकळा ठेवून वर भिंतींचे मजले चढवलेल्या इमारती तुम्ही रोज पाहता. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत अशा अनेक इमारतींचे खांब मोडले आणि वरचे मजले जसेच्या तसे खाली बसले. मोकळा तळमजला मुळीच नको असे नाही. पण तेथले खांब जास्त मजबूत करायला हवेत, किंवा काही भिंती खालपर्यंत न्यायला हव्यात. तुमच्या पुठ्ठ्याच्या प्रतिकृतीत एक तिरपी पट्टी खाली चिकटवून बघा, लगेच फरक दिसेल.

आणि आता पात्यांकडे परत येऊन एक कोडे. गणित सांगते, की माथ्यावरचे वजन तेच ठेवून पात्याची लांबी दुप्पट केली, तर आवर्तकाल सुमारे २.८ पट होतो. १० आणि २० सेंटिमीटरच्या पात्यांवर हे ताडून पाहा. बुटक्या पात्याचे झोके डोळ्यांनी मोजता येणार नाहीत, तेव्हा मोबाइलवर संथ गतीचे चित्रीकरण करून वीस झोक्यांचा वेळ काढा. तुम्हांला २.८ नव्हे, तीनच्या आसपास उत्तर मिळेल. मोजणी पुन्हा केलीत तरी तेच. मग फळी उलटी धरा, म्हणजे नाणी खाली लोंबतील, आणि २० सेंटिमीटरचे तेच पाते पुन्हा झुलवा. या वेळी ते पहिल्यापेक्षा जलद झुलते. का, ते नाण्यांच्या वजनाला विचारा.